नाताळच्या झाडाला तहान फार!

अमेरिकेत नाताळसाठी खरं झाड विकत घेतलं की विक्रेता बुंध्याची तळाची चकती पुन्हा एकदा करवतीने कापून देतो. यात हौसमौज काही नाही. आधी तोडलेल्या जागी चीक सुकून बसतो आणि झाड पाणी ओढेनासं होतं. ताज्या कापाचं झाड मात्र पहिल्याच दिवशी तीन-चार लिटर पाणी गट्ट करू शकतं. म्हणून स्टँडमधलं भांडं रोज भरायचं. आठवडाभर विसरलात तर दिवाणखान्यात उभं राहतं ते सजवलेलं सरपण.

हे सरपण किती भडकतं? तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने झाडं मुद्दाम पेटवून पाहिली आहेत. वाळलेलं झाड मिनिटभराच्या आत अख्खं पेटलं. पाणी पीत राहिलेलं झाड मात्र सहजासहजी पेट घेत नाही. झाडापासून सुरू होणाऱ्या घरगुती आगी तिथे वर्षाला सरासरी दीडशेच्या आसपास, म्हणजे तशा थोड्याच. पण लागली की ती आग भयंकर, कारण ती विझवायला सवडच मिळत नाही.

पेटती मेणबत्ती, शेजारी बादली

आज ऐकून शहारा येतो, पण विजेच्या माळा येण्याआधी लोक या झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत. त्याही काही मिनिटंच. सगळं घर भोवती बसून पाहायचं आणि हाताशी पाण्याची बादली तयार असायची. 1882 च्या डिसेंबरात एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या घरात लाल, पांढरे आणि निळे असे 80 विजेचे दिवे झाडावर लावले, आणि वर झाड गोल फिरतं ठेवलं! व्हाइट हाउसच्या झाडावर विजेचे दिवे आले ते राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या काळात.

मग एकदम सुरक्षित म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं झाड घ्यावं? 1959 पासून काही वर्षं त्यांची चमचमती फॅशन होती. पेटायची चिंता नाही, पण विजेची माळ लावायची चोरी. तार कुठे उघडी पडली तर अख्ख्या झाडात करंट! मग दिवा जमिनीवर ठेवून त्याच्यापुढे रंगीत प्लास्टिकचं चाक फिरवत.

राष्ट्राध्यक्षांच्या घरीही

24 डिसेंबर 1929. व्हाइट हाउसमध्ये मुलांची नाताळ पार्टी रंगात आलेली, आणि पलीकडे कार्यालयांच्या वेस्ट विंगला आग! राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर उठून कागदपत्रं वाचवायला धावले. त्यांच्या पत्नी लू हूवर यांनी इकडे पार्टी चालू ठेवली, मुलांना घाबरू दिलं नाही. पुढच्या नाताळात त्याच मुलांना भेट काय मिळाली असेल? खेळण्यातले आगीचे बंब. या बाईंच्या विनोदबुद्धीला सलाम!

याच तारखेला, 1851 मध्ये, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला लागलेल्या आगीत सुमारे 55,000 पैकी 35,000 पुस्तकं जळाली. थॉमस जेफरसन यांच्याकडून घेतलेल्या संग्रहाचा दोन-तृतीयांश भाग त्यातच गेला. कारण? सदोष धुराडं. शेकोटीचं धुराडं थंडीआधी साफ करून घ्या, असा तिकडे दरवर्षी धोशा चालतो तो उगाच नाही. भेटवस्तूंचे रंगीत कागद शेकोटीत टाकायचे नाहीत, हेही त्यातलंच. कागद भपकन पेटतो, ज्वाळा वर चढतात आणि धुराड्यात साचलेली काजळी पेट घेते.

गोठलेली टर्की, उकळतं तेल

सणासुदीची खरी खलनायिका मात्र स्वयंपाकघरात असते. नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेत स्वयंपाकाच्या आगींचा वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. त्यात भर म्हणून काही उत्साही मंडळी अख्खी टर्की तेलात तळतात, कधी कधी नीट वितळू न देताच. फोडणीत ओला कढीपत्ता टाकल्यावर काय होतं ते आठवा. इथे मात्र पोटात बर्फ असलेला पाच-सात किलोंचा पक्षी आहे. पाण्याची वाफ होताना तिचं आकारमान सुमारे 1,700 पट वाढतं. तेल उसळून बाहेर, थेट खालच्या बर्नरवर. म्हणून टर्की पूर्ण वितळलेली आणि कोरडी हवी, आणि हा उद्योग घरापासून लांब, उघड्यावर करायचा.

कढईतलं तेल पेटलं तर? पाणी अजिबात नाही. झाकण सरकवा, गॅस बंद करा, आणि कढई उचलून सिंककडे पळू नका.

बाकीचं झटपट: पेटत्या मेणबत्तीपासून पडदे, कागद किमान एक फूट दूर. हीटरपासून अंथरूण-पांघरूण तीन फूट दूर, आणि हीटरचा प्लग थेट भिंतीत, एक्स्टेन्शन बोर्डात नाही.

सिगारेटने लावलेला शोध

1930 च्या दशकातली गोष्ट सांगतात ती अशी. स्वित्झर्लंडचे वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होते. यंत्र वायूला दाद देईना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली, तर धुराने काटा हलला! घराघरांतल्या स्मोक अलार्मची वाट इथून निघाली. त्यातल्या एका प्रकारात अमेरिसियम-241 या किरणोत्सारी द्रव्याचा अगदी सूक्ष्म अंशही असतो.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हा अलार्म मिरचीच्या फोडणीलाही बोंब ठोकतो. मग कुणीतरी टॉवेल फडकवतं, आणि कुणीतरी बॅटरीच काढून ठेवतं. ती परत बसवायची मात्र राहून जाते. बऱ्याच अलार्मना आवाज काही मिनिटं थांबवणारं बटण असतं, ते दाबा. नंतर तो आपसूक पहाऱ्यावर हजर. आणि एकदा स्टुलावर चढून त्याच्या पाठीवर छापलेली तारीख वाचा. दहा वर्षं उलटली असतील तर नवी बॅटरी घालून भागणार नाही, अलार्मच नवा आणायचा.