सहलीसाठी पाण्याचा काठ

डिसेंबर उजाडला की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. गुरुजी वर्गात विचारतात, "यंदा कुठे जायचे?" आणि मागच्या बाकावरून हटकून उत्तर येते, "समुद्रावर!" सगळा वर्ग हसतो. खरे म्हणजे त्यात हसण्यासारखे काही नाही. भंडारा रोड स्टेशनापासून मुंबई आगगाडीने सुमारे ९०० किलोमीटर. सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतायचे, तर समुद्र आपल्या आवाक्यात नाही, एवढेच. पण त्या मुलाला हवे असते ते मोकळे पाणी, त्यावरचा वारा आणि काठावर बसून खायची शिदोरी. आणि ही श्रीमंती आपल्याकडे भरपूर आहे. तलावांचा जिल्हा म्हणून आपण ओळखले जातो. भर मध्यातून वैनगंगा वाहते. तेव्हा प्रश्न एवढाच, की एका दिवसाच्या सहलीसाठी कोणता काठ निवडावा?

हा प्रश्न मला फार साधा वाटत असे. मग एक प्रसंग घडला. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या शिक्षकांच्या आग्रहावरून मी एका शाळेच्या सहलीबरोबर नदीकाठी गेलो होतो. मी भूगोल शिकवतो. नदीबद्दल मुलांना चार शब्द सांगावेत, एवढेच माझे काम. समोर स्वच्छ वाळवंट, काठाला घोटाभर पाणी. पुढे ते उन्हात नुसते चमकत होते. मीच म्हणालो, "जाऊ द्या हो पोरांना, पाणी आहे कुठे?" सातवीतला एक मुलगा दहा पावले आत गेला आणि अकराव्या पावलाला दिसेनासा झाला. ओरडलासुद्धा नाही. जवळच एक धिवर जाळे टाकत होता. त्याने डोंगा वळवला, पाण्यात हात घातला आणि मुलाला केसाला धरून वर काढले. मुलगा वाचला. वाळू उपसून नेल्यामुळे तिथे पुरुषभर खोल खड्डा पडलेला होता. मी आभार मानू लागलो, तर तो म्हातारा म्हणाला, "गुरुजी, पानी वरून सारखंच दिसते जी. बुडाची खबर घेतल्याबिगर पोरं उतरवू नका."

एम. ए.च्या पदवीने मला जे शिकवले नव्हते, ते त्या एका वाक्याने शिकवले. तेव्हापासून कोणताही काठ पाहिला की मी तीन प्रश्न विचारतो. बूड कसे आहे? पाणी येते कुठून? आणि या पाण्यात रोज उतरणारा माणूस कोण? या तीन प्रश्नांनी आपल्याकडची पाणी आता तपासून पाहू.

पहिला मान तलावांचा. आपले जुने तलाव, ज्यांना मालगुजारी तलाव म्हणतात, ते बहुतांशी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, नाव मात्र तेच राहिले. त्यांची बांधणी एकदा लक्षात घेतली, की बुडाचा अंदाज आपोआप येतो. जमिनीच्या उताराला आडवी मातीची पाळ घालायची आणि वरून वाहत येणारे पाणी तिच्यापाशी अडवायचे. म्हणजे पाणी सर्वांत खोल कुठे? पाळीला लागून. आणि उथळ कुठे? समोरच्या बाजूला, जिकडून ओहोळ येतात तिकडे. आपण नेमके उलटे करतो. पाळ उंच, झाडांची सावली, बसायला सोयीची, म्हणून तिथेच पंगत मांडतो, आणि मुले हात धुवायला त्याच बाजूने खाली उतरतात. पाळीवर जरूर बसावे, पण तिथून पाण्यात उतरू नये. समोरची उथळ बाजूही वाटते तितकी भोळी नाही. तिथे गाळ असतो, कमळाचे आणि शिंगाड्याचे वेल असतात. पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि देठ गुंडाळले गेले, की पोहणाऱ्याचाही धीर सुटतो. तलाव हे पाहण्याचे पाणी आहे, डुंबण्याचे नाही.

पण पाहण्यासारखे तिथे काय कमी आहे? हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक असे दूरदेशीचे पाहुणे उतरतात. भंडाऱ्याजवळचा रावणवाडीचा तलाव, तुमसर तालुक्यातला चांदपूरचा तलाव आणि टेकडीवरचे मारुतीचे देऊळ, ही दिवसाभरात होणारी ठिकाणे. साकोली-लाखांदूरकडच्या शाळांनी नवेगावबांधला जावे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध तिकडे गेले, पण त्याआधी ते आपलेच होते. सात टेकड्यांच्या कुशीतला हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. मारुती चितमपल्ली यांनी इथेच वनाधिकारी म्हणून राहून पक्ष्यांचा अभ्यास केला. अशा ठिकाणी सकाळी लवकर पोचावे. दहा वाजल्यानंतर पाखरे दूर जातात आणि मुलांच्या गलक्याने उरलेलीही उडतात.

दुसरी वैनगंगा. ती मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते, आपल्या जिल्ह्यातून खाली उतरते, पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीच्या ओटीतून बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे मागच्या बाकावरच्या त्या मुलाला सांगता येईल, "बाबा रे, समुद्राकडे जाणारे पाणी तुझ्या गावाजवळूनच जाते." इथे दुसरा प्रश्न महत्त्वाचा: पाणी येते कुठून? नदीचे पाणी आपल्या आभाळावर अवलंबून नसते. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस भंडाऱ्यात महापूर आला. त्या वेळी वर मध्य प्रदेशात अतोनात पाऊस झाला होता आणि शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी सोडले गेले होते. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी नदी चढू शकते, हे त्यावरून समजावे. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर पाणी निवळेपर्यंत नदीकाठची सहल नकोच. हिवाळ्यात पात्र आटते, वाळवंट उघडे पडते, तेव्हा जावे. पण वाळूच्या खड्ड्यांची गोष्ट मी सांगितलीच आहे. गेल्या वर्षी ज्या जागी मुले सुखरूप खेळली, तिथे यंदा खड्डा असू शकतो. दरसाल नवी चौकशी करावी.

नदीकाठी केवळ वाळूच पाहायची असेही नाही. पवनीला जावे. तिथे घाट आहेत, जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि १९६९-७० च्या उत्खननात तिथे प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. इतिहासाचे आणि भूगोलाचे गुरुजी एकाच सहलीत खूश होतात. दुसरे ठिकाण आंभोरा. देऊळ पैलतीरी नागपूर जिल्ह्यात असले तरी पुलामुळे आपल्याला जवळच. इथे पाच नद्यांचा संगम मानतात. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला, अशीही परंपरा आहे. आंबेजोगाईचे लोक तो मान आपल्याकडे घेतात. पुलावरून संगम पाहणे हीच इथली सहल.

तिसरे पाणी धरणाचे. गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. अकरा किलोमीटरांहून लांब असे हे धरण, त्याला ३३ दरवाजे. दरवाजांतून पाणी सुटताना पाहिले, की मुले शाळेत परतल्यावरही तेच बोलत राहतात. पण धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात कधीही उतरू नये, कारण पाणी सोडले की कोरडे दगड पाहता पाहता बुडतात. वरच्या अंगाला, फुगवट्याच्या पाण्याखाली, कुठे शेते गेली आहेत, कुठे विहिरी, कुठे गावांची घरे. त्या बुडाचा भरवसा कोण देणार? शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. तेव्हा हे पाणी प्यायला तर नकोच, चूळ भरायलाही नको. पिण्याचे पाणी घरून न्यावे. आणि धरण दाखवताना, त्यासाठी ज्यांची गावे उठली त्यांची गोष्ट मुलांना सांगावी.

आता कधी दोन-चार दिवसांची मोठी सहल काढून खरोखरच कोकणात गेलात, तर तेच तीन प्रश्न समुद्रालाही विचारावेत. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याजवळ सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. समुद्राचे पाणी साधारण सव्वासहा तास चढते आणि तितकेच तास उतरते. कोकणातली माणसे तिथीवरून त्याची वेळ काढतात: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, साधारण त्या वेळी भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. हा झाला ढोबळ हिशेब. तरी काठावरच्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाय भिजवू नये. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते आणि अनोळखी माणसाला ते कळतसुद्धा नाही.

गुरुजनांसाठी आता थोड्या कामाच्या गोष्टी. सहलीच्या आठ दिवस आधी एका शिक्षकाने जागा पाहून यावी, आणि ती गावातल्या धिवराबरोबर पाहावी. जमल्यास सहलीच्या दिवशी त्याला डोंग्यासह बोलवावे आणि त्याची मजुरी सहलीच्या खर्चात धरावी. मुलांच्या जोड्या लावाव्यात. शिटी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात वर करायचा. पोहता येणाऱ्या एका मोठ्या माणसाकडे पाण्यावर नजर ठेवण्याखेरीज दुसरे काम देऊ नये, स्वयंपाकाचे तर मुळीच नाही. बरोबर लांब दोर आणि झाकण घट्ट बसणारा रिकामा डबा असावा. कोणी बुडू लागला तर त्याच्याकडे दोर, बांबू, धोतर, जे हाती लागेल ते फेकावे. पोहता न येणाऱ्याने उडी टाकू नये. एकाऐवजी दोन जीव जातात. बाहेर काढलेल्याचे पोट दाबण्यात किंवा त्याला उलटे धरण्यात वेळ दवडू नये. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि दुसऱ्याने लगेच १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ही कृती आरोग्य केंद्रातून आधी शिकून घ्यावी. पुस्तकात वाचून ती ऐनवेळी हातांना सुचत नाही.

एवढी धास्ती घेण्यापेक्षा पाण्याकडे जाऊच नये, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आपली मुले तलावांच्या गावात वाढतात. शाळेने नेले नाही तर ती सुट्टीत एकटी जातील, आणि तिथे ना दोर असेल ना शिटी. त्यापेक्षा पाणी कसे ओळखावे, हे त्यांनी मोठ्यांच्या देखत शिकावे.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मध्यंतरी बसस्थानकावर भेटला. मी त्याला ओळखले नाही, त्यानेच ओळख दिली. एका शाळेवर शिक्षक आहे म्हणाला. मी विचारले, "मुलांना सहलीला नेतोस का?" तो म्हणाला, "नेतो ना, सर. आधी धिवराच्या घरी जाऊन येतो."