हिवाळी आकाशनिरीक्षण, तेर येथील

धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर (प्राचीन तगर) हे तेरणाकाठचे गाव सु. १८·३° उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात येथील आकाश बहुधा निरभ्र असते आणि डिसेंबरअखेरची रात्र सु. तेरा तासांची असते. त्यामुळे आकाशनिरीक्षणास हा ऋतू विशेष सोयीचा होय.

मृग नक्षत्रापासून प्रारंभ करणे सुलभ ठरते. जानेवारीच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास ते मध्यमंडलावर येते. त्यातील एका रेषेतील तीन तारे खगोलीय विषुववृत्तालगत आहेत. ही रेषा आग्नेयीस वाढविल्यास व्याध (प्रत –१·४६, अंतर ८·६ प्रकाशवर्षे) हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व वायव्येस वाढविल्यास तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिका सापडतात. तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस दिसणारा धूसर ठिपका हा सु. १,३०० प्रकाशवर्षांवरील तेजोमेघ असून त्यात नवे तारे निर्माण होत आहेत.

फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य दक्षिण क्षितिजापासून सु. १९° उंचीवर मध्यमंडल ओलांडतो. त्याच वेळी उत्तरेस ध्रुव तारा सु. १८° उंचीवर असतो. उत्तरेकडे जावे तसा ध्रुव वर चढतो व अगस्त्य खाली उतरतो; सु. ३७° उत्तर अक्षांशापलीकडे तो दिसत नाही. इ. स. पहिल्या शतकात, तगर ही भरभराटीची व्यापारपेठ असताना, आजचा ध्रुव तारा खगोलीय ध्रुवापासून दहा अंशांहून अधिक दूर होता. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे तो आज एक अंशाच्या आत आला आहे. अगस्त्याची उंची मात्र तेव्हाही जवळजवळ एवढीच होती.

हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असल्याने क्रांतिवृत्ताच्या उत्तरेकडील भागात असतो व मध्यरात्री खस्वस्तिकाजवळून जातो. मात्र चंद्रावरील विवरे अष्टमीच्या सुमारास, सावल्या लांब असताना, अधिक ठळक दिसतात. ग्रहांना ठराविक ऋतू नसतो. गुरूची प्रदक्षिणा सु. १२ वर्षांची असल्याने तो डिसेंबर २०१२ व डिसेंबर २०२४ या दोन्ही वेळी वृषभ राशीत सूर्यासमोर होता.

अंधाराला डोळे सरावण्यास सु. अर्धा तास लागतो. निरीक्षणस्थळाची पारख कृत्तिकांवरून करता येते : अंधाऱ्या शेतात त्यांतील सहा किंवा अधिक तारे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात, दिव्यांच्या उजेडात त्यांचा केवळ पुसट पुंजका उरतो.