काळ्या पडद्याची भीती एका दुपारी जाते

वाकोल्याला लागूनच मुंबई विद्यापीठाचा कलिना कॅम्पस आहे. तिथे आणि उपनगरांतल्या कॉलेजांत आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुलामुलींच्या हातात मोबाइल शाळेपासूनच असतो. तरीही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला टर्मिनलचा काळा पडदा उघडला की भल्याभल्यांचे हात थबकतात. आयकॉन नाही, मेनू नाही. फक्त लुकलुकणारा कर्सर. काय टाइप करायचं ते स्क्रीन सांगत नाही, म्हणून भीती वाटते.

मुंबईला हा पडदा नवा नाही. 1986-87च्या सुमारास जुहूची एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात देशातली सुरुवातीची ईमेल देवाणघेवाण झाली, ती याच अक्षरांच्या जगात. 15 ऑगस्ट 1995ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना वर्षाला 500 रुपयांत मिळणारं अकाउंटही निव्वळ अक्षरांचं होतं. चित्रं दिसायची नाहीत. त्या पिढीतली कित्येक मुलं आज्ञा टाइप करतच इंटरनेट शिकली.

सुरुवातीला पाचसहा आज्ञा पुरतात. त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहून एंटर दाबायचं. ‘पीडब्ल्यूडी’ म्हणजे मी आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये आहे; ‘एलएस’ म्हणजे इथे काय काय आहे; ‘सीडी’ म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्ये जा. ‘एमकेडीआयआर’ने नवा फोल्डर तयार होतो, ‘सीपी’ने फाइलची प्रत निघते, ‘एमव्ही’ने फाइल हलते किंवा तिचं नाव बदलतं. नावं इतकी तोकडी का? 1969मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी लिनक्स ज्यावर बेतलं आहे त्या युनिक्सचं काम सुरू केलं, तेव्हा कॉम्प्युटरशी बोलायला टेलिटाइप होता. तो सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं कागदावर छापायचा. एकेक अक्षर वाचवणं भाग होतं.

नवशिक्याला सर्वांत गोंधळात टाकते ती टर्मिनलची शांतता. फोल्डर तयार केला, एंटर दाबलं आणि काहीच उमटलं नाही, तर समजावं की काम झालं. अशा आज्ञांत चूक झाली तरच हा पडदा बोलतो. नाव अर्धं लिहून टॅब दाबलं की पुढचं आपोआप पूर्ण होतं, वरचा बाण दाबला की मागची आज्ञा परत येते आणि अडकलेली आज्ञा कंट्रोल-सीने थांबते. जपायचं ते ‘आरएम’ला. त्याने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. म्हणून सराव वेगळ्या फोल्डरमध्येच करावा.

त्या फोल्डरला खुशाल ‘वाकोला’ असं देवनागरीत नाव द्या, चालतं. मग एक प्रयोग करा. ‘प्रिंटएफ’ लिहून पुढे वाकोला, मग उभी रेघ आणि ‘डब्ल्यूसी वजा एम’. उभी रेघ पहिल्या आज्ञेचं उत्तर दुसरीच्या हाती देते. उत्तर येतं 6. आपण तीन अक्षरं वाचतो, पण यंत्र व, काना, क, ओकार, ल, काना असं वेगवेगळं मोजतं. ‘एम’च्या जागी ‘सी’ लिहिलं तर उत्तर 18, कारण यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा असतो, मराठी मात्र 70 चिन्हांतच भरतो. त्यात काना-मात्राही मोजल्या जातात, हे या प्रयोगानंतर लगेच पटतं. माउसने फाइल उघडून हे कधीच दिसलं नसतं.

या पडद्याची खरी किंमत इथे आहे. मेनूत जे दिलं आहे तेवढंच निवडता येतं. इथे दोन साध्या आज्ञा जोडून आपल्याला हवा तो प्रश्न विचारता येतो. हजार फाइलींतून एक नाव शोधायचं असेल तर ‘ग्रेप’ ही एकच आज्ञा पुरते. जगातले 500 सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटर 2017पासून लिनक्सवरच चालतात आणि आपल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत पहिल्या दिवसापासून हाच पडदा समोर असतो.

शिकायला महागडा क्लास लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे मोफत आहेत आणि त्यांचं मराठी निवेदनही मिळतं. धडा थोडा ऐकायचा, थांबवायचा, तेच आपल्या मशिनवर करायचं, अशी त्याची रीत आहे. घरात पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स सहज बसतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल आणि अँड्रॉइडवर टर्मक्स वापरूनही हाच सराव करता येतो.

पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना आज्ञांच्या याद्या पाठ करायला लावू नयेत. एक रिकामा फोल्डर आणि एक मोकळी दुपार द्यावी, चुका करू द्याव्यात. आणि वाचकहो, वय काहीही असो, आज टर्मिनल उघडून निदान ‘एलएस’ लिहून पाहा.