विज्ञान पार्कची कामगिरी मोजायची कशी?

विज्ञान-तंत्रज्ञान पार्कचा वार्षिक अहवाल उघडला की बांधकामाचे चौरस फूट, कंपन्यांची संख्या, रोजगार आणि निर्यात हे आकडे आधी दिसतात. आकडे खोटे नसतात, पण त्यांतून जागेला मागणी आहे एवढंच कळतं. रस्ता, खात्रीची वीज आणि जवळ मनुष्यबळ असलं की कंपन्या येतातच. हिंजवडीत त्या आल्या, आणि आयटी पार्क म्हणून हिंजवडी यशस्वीच आहे. विज्ञान पार्कला जमीन द्यायची ती मात्र प्रयोगशाळेतलं ज्ञान उद्योगात उतरावं म्हणून. मग मोजायला हवं ते हेच.

२०१० मध्ये सुरू झालेलं आयआयटी मद्रासचं रिसर्च पार्क मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. तिथे नुसतं भाडं भरून भागत नाही. संस्थेशी प्रत्यक्ष काम करून कंपनीला श्रेयांक मिळवावे लागतात: प्राध्यापकांबरोबर संशोधन प्रकल्प, त्यांचा सल्ला, विद्यार्थ्यांना इंटर्नशिप. शेजार आपोआप उपयोगी पडत नाही हे ओळखूनच ही अट घातलेली आहे. श्रेयांकांसाठी कंपन्या कागदोपत्री करार करतील, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे बाहेरच्या कंपन्यांशी तुलना. ब्रिटनमध्ये पॉल वेस्टहेड यांनी १९९७ साली अशी तुलना प्रसिद्ध केली. पार्कमधल्या आणि बाहेरच्या कंपन्यांच्या संशोधनात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. स्वीडनमधल्या लॉफस्टेन आणि लिंडेलॉफ यांच्या २००२ च्या अभ्यासात मात्र पार्कमधल्या कंपन्यांची विक्री आणि रोजगार अधिक वाढलेले दिसले. म्हणजे रोजगार वाढला की संशोधनही वाढलं, असं धरून चालता येत नाही. शिवाय प्रवेश देताना पार्क होतकरू कंपन्याच निवडत असेल, तर त्यांच्या वाढीचं श्रेय पार्कला कितपत द्यायचं? तुलना त्याच वयाच्या, त्याच क्षेत्रातल्या कंपन्यांशीच हवी.

पार्कचा निकाल घाईनं लावला जाईल, हा आक्षेप याहून वजनदार आहे. अमेरिकेतलं रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ चं. आयबीएमनं तिथे यायचं ठरवलं ते १९६५ मध्ये. तिसऱ्या वर्षीच निकाल लावला असता, तर ते नापास झालं असतं. पण उत्पादन बाजारात यायला दहा वर्षं लागली, तरी शास्त्रज्ञ आणि उद्योजक एकत्र काम करताहेत की नाही, हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आधारानं २००७ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेंचर सेंटरसारख्या ठिकाणी नवउद्योजकाला स्वतः विकत घेणं न परवडणारी उपकरणं वापरता येतात. अशा उपकरणांवर बाहेरच्या किती जणांनी काम केलं, हा आकडा पहिल्या वर्षापासून देता येतो. सरकारी जमीन मागणाऱ्या प्रत्येक पार्ककडून राज्यानं चौरस फुटांच्या आधी हा आकडा मागावा, आणि पाच वर्षांनी बाहेरच्या कंपन्यांशी केलेली तुलना जाहीर करण्याची अट करारातच घालावी.