'उपद्रव' आणि त्याचा निरीक्षक : एका पदनामाची परिभाषा

इंग्लंडमधील स्थानिक शासनसंस्थांत आज 'पर्यावरण-आरोग्य अधिकारी' या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याचे मूळ पदनाम 'इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस', म्हणजे उपद्रवांचा निरीक्षक, असे होते. १८४६ साली लिव्हरपूल शहरासाठी जो खास आरोग्यविषयक कायदा झाला, त्यान्वये तीन अधिकारी काम पाहू लागले : डॉ. विल्यम हेन्री डंकन हे आरोग्याधिकारी, जेम्स न्यूलंड्स हे अभियंता आणि टॉमस फ्रेश हे उपद्रव-निरीक्षक. पुढे लंडनपुरते १८९१ मध्ये व इतरत्र १९२१ मध्ये 'सॅनिटरी इन्स्पेक्टर' हे नाव आले. १९५६ साली तर केवळ एवढ्या नावबदलासाठी पार्लमेंटने स्वतंत्र कायदा केला आणि 'पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर' हे पदनाम दिले. १९७४ च्या स्थानिक शासनाच्या पुनर्रचनेनंतर सध्याचे नाव रूढ झाले. शब्दार्थाच्या अभ्यासकाला हा क्रम परिचयाचा वाटेल. अप्रिय वस्तूला सौम्य नाव द्यावे आणि काही काळाने त्या वस्तूची कळा त्या नावालाही यावी, हा भाषेतील नित्याचा व्यवहार होय. 'सॅनिटरी' हा शब्द मुळात आरोग्यवाचक. परंतु लोकांच्या बोलण्यात तो मोऱ्यांशी आणि गटारांशी इतका जखडला गेला की, तो धारण करणाऱ्यांनाच तो नकोसा झाला.

पदनाम बदलले तरी कायद्यातील मूळ शब्द मात्र हलला नाही. १८७५, १९३६ आणि १९९० या तिन्ही प्रमुख कायद्यांत 'न्यूसन्स' कायम आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी 'इजा करणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. बोलभाषेत तो झिजून 'कटकट' एवढ्याच अर्थाचा उरला. कायद्यात मात्र इजेचा मूळ अर्थ टिकून राहिला. या दोन अर्थांमधील अंतर हेच निरीक्षकाचे कार्यक्षेत्र आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याच्याकडे येणारा तक्रारदार पहिल्या अर्थाने बोलतो आणि निरीक्षकाला नोटीस लिहावी लागते ती दुसऱ्या अर्थाने.

एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकाची साधने साधी होती. सांडपाण्याचा नळ घरात कोठे फुटला आहे हे शोधण्यासाठी छपरावरील तोंडातून पेपरमिंटचे तेल गरम पाण्याबरोबर ओतीत आणि दुसरा माणूस घरात खोल्याखोल्यांतून वास घेत हिंडे. तेल ओतणाऱ्याने परीक्षा संपेपर्यंत घरात पाऊल ठेवावयाचे नाही, कारण त्याच्याच कपड्यांच्या वासाने निष्कर्ष बिघडे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात गर्दीचे मोजमाप याहून काटेकोर होते. १८६२ च्या कायद्यानुसार लहान घरांची घनफुटांत मोजणी करून किती प्रौढांनी तेथे राहावे याचा आकडा असलेला धातूचा बिल्ला दारावर ठोकीत. दर प्रौढास ३०० घनफूट, आणि आठ वर्षांखालील मूल म्हणजे अर्धा माणूस. निरीक्षक रात्री अवेळी येऊन झोपलेली माणसे मोजीत. जादा भाडेकरू छपरावर किंवा कपाटात लपत. भाडे परवडत नाही म्हणून दाटीने राहणाऱ्यास रात्री उठवून त्याची गणती करणे, यात आरोग्य किती साधले आणि जाच किती झाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. (परक्याने घरात शिरण्याचा हाच प्रश्न १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने सैनिकांकरवी झालेल्या झडत्यांत किती विकोपाला गेला, हे मराठी वाचकास सांगावयास नको.) १९९० च्या इंग्लिश कायद्यात, तातडीचा प्रसंग वगळता, राहत्या घरात प्रवेश करण्यापूर्वी निरीक्षकाने २४ तासांची पूर्वसूचना दिली पाहिजे अशी अट आहे.

परंतु खरी अडचण घरात शिरण्याची नसून आत जे दिसले त्यास कायद्याचा शब्द लावण्याची असते. कायद्याची व्याख्या विकल्पात्मक आहे : वस्तुस्थिती 'आरोग्यास अपायकारक' असावी किंवा 'उपद्रव' असावी. हे 'किंवा' फसवे आहे. दोहोंपैकी एक सिद्ध झाले की पुरे, असा समज होणे स्वाभाविक आहे, आणि तो खराही आहे. परंतु १९७६ साली नीथ येथील एका खटल्यात न्यायालयाने असे ठरविले की, 'उपद्रव' हा जुन्या सामान्य कायद्यातील अर्थानेच घ्यावयाचा. म्हणजे त्याची झळ शेजाऱ्यास किंवा जनतेस लागली पाहिजे. ज्या घरात दोष आहे त्याच घरात राहणाऱ्याला त्या दोषाचा त्रास होत असेल, तर तो कितीही मोठा असला तरी उपद्रव नव्हे. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर या नामाला दोन कारके अनिवार्य आहेत आणि त्यांच्यामध्ये कुंपण असणेही अनिवार्य आहे. गळक्या घरातील भाडेकरूला त्यामुळे एकच वाट उरते : 'आरोग्यास अपायकारक' हे सिद्ध करणे. तीही वाट अरुंदच. १९७५ च्या कॉव्हेन्ट्री येथील निकालाप्रमाणे मोकळ्या जागेवर पडलेला विटामातीचा ढीग, त्यावर चढून कोणी जखमी होण्याचा संभव असला तरी, या अर्थाने अपायकारक ठरत नाही. कारण हा कायदा रोगाविषयी आहे, अपघाताविषयी नाही.

या दृष्टीने बर्मिंगहॅमचा खटला विशेष उद्बोधक आहे. शहर परिषदेच्या मालकीच्या एका घरात शौचकूप स्वयंपाकघराला लागून होता आणि त्यात हात धुण्याचे भांडे नव्हते. हात धुवावयाचे तर स्वयंपाकाच्या मोरीवर, नाही तर स्वयंपाकघर ओलांडून पलीकडच्या न्हाणीघरात. त्यातून रोगसंसर्गाचा धोका आहे हे कोणी नाकारले नाही. कोणतीही परिषद स्वतःवरच नोटीस बजावू शकत नाही, त्यामुळे परिषदेच्या निरीक्षकाचा येथे उपयोग नव्हता आणि भाडेकरूलाच न्यायालयात जावे लागले. खालच्या दोन्ही न्यायालयांत तो जिंकला. लॉर्ड्सच्या सभागृहाने मात्र २००० साली तीन विरुद्ध दोन मतांनी तो निकाल फिरविला. वाद एका शब्दाचा होता. कायदा जागेच्या 'अवस्थे'विषयी बोलतो. घर ओले, घाण, मोडके असणे ही अवस्था. परंतु चांगल्या स्थितीतील खोल्या गैरसोयीच्या क्रमाने बांधलेल्या असणे ही अवस्था की नुसती रचना? बहुमताने तिला रचना मानले, आणि त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील कायद्यांपर्यंत मागे जाऊन शब्दाचा वापर तपासला. उरलेल्या दोघा न्यायमूर्तींना शब्दाचा एवढा संकोच मान्य नव्हता. आजच्या वाचकाला या दोघांचे मत अधिक पटण्याजोगे वाटेल, कारण 'अवस्था' या सामान्य शब्दात रचना येत नाही असे शब्दार्थावरून तरी म्हणता येत नाही. तथापि या अर्थाने लाखो जुन्या घरांत फेरबदल करावे लागतील, हा खर्चाचा विचार बहुमताच्या नजरेआड नव्हता.

गोंगाटाच्या बाबतीत निरीक्षकाच्या हाती आणखीच कमी असते. १९६० च्या कायद्याने गोंगाटही उपद्रवांत धरला. परंतु किती डेसिबलला आवाज उपद्रव होतो याचा आकडा व्याख्येत नाही. सामान्य, समंजस माणसाला तो असह्य वाटेल काय, एवढाच निकष. नोटिशीतील क्रियापदाचाही असाच विचार करावा लागतो. 'उपद्रव बंद करा' एवढेच लिहून साधन पत्र घेणाऱ्यावर सोडता येते. मात्र एकदा विशिष्ट काम करावयास सांगितले की, ते नेमके कोणते हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

मराठीत 'न्यूसन्स'साठी कायद्याच्या भाषेत 'उपद्रव' हा शब्द योजला जातो. प्रतिशब्द म्हणून तो चांगला आहे; किंबहुना मुळाहून सरस आहे. आयुर्वेदात मूळ व्याधीच्या पाठोपाठ उद्भवणाऱ्या आनुषंगिक विकाराला 'उपद्रव' म्हणतात, त्यामुळे रोगाचा जो अर्थ इंग्लिश न्यायाधीशांना शब्दाबाहेरून आणावा लागला तो येथे परंपरेनेच शब्दात आहे. उंदरांचा उपद्रव, माकडांचा उपद्रव हे बोलीतील प्रयोगही त्याला जवळचे. 'उपद्रवमूल्य' हा राजकीय लेखनातील शब्द मात्र सरळ इंग्रजीवरून बेतलेला आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील व्याख्या इंग्लिश कायद्याहून ऐसपैस आहे : कृती, कृतीचा अभाव, जागा किंवा वस्तू, यांपैकी काहीही डोळ्यांस, नाकास वा कानास त्रासदायक झाले तरी तो उपद्रव. नागपूर महानगरपालिकेचे 'उपद्रव शोध पथक' या व्याख्येतील पहिल्या पदाशी जवळचे नाते सांगते. हे पथक रस्त्यावर थुंकणाऱ्याला व कचरा टाकणाऱ्याला पकडून दंड करते, म्हणजे ते कृती करणारा माणूस शोधते. जागेची अवस्था तपासणारा तो वेगळा कर्मचारी, आणि महाराष्ट्रात त्याला कोठे 'आरोग्य निरीक्षक' तर कोठे 'स्वच्छता निरीक्षक' म्हणतात.