हत्ती ‘टाइट’ झाला... खरंच?

वाळवंटातल्या प्राण्यांवरची एक धम्माल डॉक्युमेंटरी पन्नास वर्षं लोकांना हसवतेय. पण आपण नेमकं हसतो कशाला?

ही क्लिप तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेली असणार. मारुला नावाच्या झाडाची फळं खाऊन झिंगलेला हत्ती, तोल जाणारं शहामृग आणि दुसऱ्या दिवशी ‘हँगओव्हर’ झालेलं माकड. शनिवारच्या पार्टीनंतर आपला ग्रुप दिसतो, अगदी तस्संच! आपण खो खो हसतो आणि लगेच दहा जणांना फॉरवर्ड करतो.

क्लिप आहे १९७४ च्या ‘अ‍ॅनिमल्स आर ब्यूटिफुल पीपल’मधली. दिग्दर्शक दक्षिण आफ्रिकेचे जेमी उईस. होय, आकाशातून कोकची बाटली पडते त्या ‘द गॉड्स मस्ट बी क्रेझी’चेच! नामिब आणि कलाहारी वाळवंटातल्या प्राण्यांवरच्या या सिनेमाला बेस्ट डॉक्युमेंटरीचं गोल्डन ग्लोबही मिळालं.

मूठ सोड ना बाबा!

सिनेमाची खरी जादू आहे कॉमेंटरीत. निवेदक प्राण्यांबद्दल असा बोलतो, जणू सोसायटीतल्या शेजाऱ्यांचं गॉसिप चाललंय. त्यातला बबून माकडाचा सीन तर क्लासिक. वारुळाच्या भोकात बिया आहेत. माकड हात घालतं, मूठ भरतं, आणि आता हात काही बाहेर येत नाही. मूठ सोडली तर सुटका आहे, पण सोडणार कोण? हसता हसता स्वतःचा ईएमआय आठवतो!

ही आयडिया नवी नव्हती. १९५३ मध्ये डिस्नेच्या ‘द लिव्हिंग डेझर्ट’ने विंचवांच्या जोडीला चक्क लोकनृत्याच्या तालावर नाचवलं होतं. सिनेमाला ऑस्कर मिळालं, पण समीक्षकांनी नाकंही मुरडली. निसर्ग आहे की सर्कस?

गणित कुणाचं?

आता त्या झिंगलेल्या हत्तीकडे येऊ. २००६ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. हत्ती सडलेली नाही, झाडावरची ताजी फळं पसंत करतो. आणि तीन टनांच्या त्या देहाला चढायची तर नेहमीच्या खाण्याच्या कितीतरी पट फळं लागतील. थोडक्यात, थाप!

थांबा, पिक्चर अभी बाकी है. २०२० मध्ये कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की अल्कोहोल पचवायला मदत करणारा माणसातला एक जीन हत्तीत कामच करत नाही. म्हणजे माणसाचं गणित नुसतं वजनाने गुणून हत्तीला लावता येत नाही. त्याला कमी दारूही चढू शकते. गंमत बघा, सिनेमाने हत्तीला माणूस केलं आणि सिनेमाला खोटं ठरवणाऱ्यांनीही तेच केलं!

हसू आणि आसू

प्राण्याला माणूस केलं, की त्याच्यावर जीव जडतो. ‘मीरकॅट मॅनर’ आठवतेय? २००५ मध्ये सुरू झालेली, कलाहारीतल्या मुंगूसकुळातल्या एका टोळीची ही ‘फॅमिली सीरियल’. तिची नायिका फ्लॉवर पिल्लांना वाचवताना सापाच्या दंशाने गेली. २००७ मध्ये तो एपिसोड दिसला आणि प्रेक्षक ढसाढसा रडले. ‘तिला वाचवलं का नाही?’ असा सवालही झाला. पण ती टोळी एका दीर्घ संशोधनाचा भाग होती. निसर्गात ढवळाढवळ न करणं हाच तिथला नियम. आपल्याला हवी होती हिरॉइन, आणि तिथे होता एक जंगली प्राणी.

मग हसायचंच नाही का? जरूर हसा! रटाळ माहितीपटाने झोप आलेल्या कित्येकांना याच हसण्याने वाळवंटापर्यंत नेलंय. फक्त एक करा. आवडलेला सीन दुसऱ्यांदा म्यूट करून बघा. संगीत नाही, जोक नाही, समोर फक्त प्राणी. नामिबमधला एक काळा भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकडीवर डोकं खाली करून उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि घरंगळत थेट त्याच्या तोंडात जातात. ना नळ, ना टँकर! त्याला कसली कॉमेंटरी लागते?