सिव्हिलपर्यंतचा खर्च

जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात दिव्यांग तपासणीचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी पहिल्या एसटीपासूनच आवार भरायला लागतं. कुणी लेकराला पाठकुळी घेऊन आलेलं असतं, कुणी म्हाताऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून. तीनचाकी सायकलवाला रॅम्पच्या पायथ्याशी थांबतो आणि कुणीतरी मागून ढकलेल म्हणून वाट बघतो. केस पेपर एका खिडकीवर, हाडांचे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत, एक्स-रे तिसरीकडे. ज्याला चालणंच कठीण, त्याचीच पायपीट सर्वांत जास्त होते.

ही सगळी धावपळ टक्क्यांसाठी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. तपासणीत किमान ४० टक्के बसले, तर पिवळं कार्ड मिळतं. ८० आणि त्यापुढे निळं. चाळिशीच्या आत राहिलात तर पांढरं, आणि पांढऱ्या कार्डावर बहुतेक योजना मिळत नाहीत. पाय गुडघ्यातून गेलेल्या माणसाचे टक्के काढणं सोपं असतं. सिकलसेलच्या पेशंटचं तसं नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडे हा आजार घराघरांत आहे. वेदनांचा झटका आला की धट्टाकट्टा मजूर दिवसचे दिवस अंथरुणाला खिळतो. तपासणीच्या दिवशी मात्र तोच माणूस आपल्या पायांनी डॉक्टरांसमोर उभा असतो आणि टक्के कमी भरतात.

उपचार मोफत आहेत, हे खरं. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे घेत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता पाच लाखांचं आहे. हे मोठं काम आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण गरीब घराचा दिव्यांग माणूस कर्जात बुडतो तो दवाखान्याच्या बिलामुळे फारसा नाही, त्या दवाखान्यापर्यंत पोचण्यात तो बुडतो. एसटीत त्याला ७५ टक्के सवलत असते, पण एसटी फाट्यावर थांबते. वाडीपासून फाट्यापर्यंत रिक्षा सांगावी लागते आणि तिला सवलत नाही. एकट्याला जाता येत नाही, म्हणून सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. एका फेरीत काम उरकलं नाही, डॉक्टर रजेवर निघाले किंवा मशीन बंद असलं, तर तोच खर्च पुन्हा. १०८ची गाडी तातडीच्या पेशंटसाठी आहे. महिन्या-महिन्याच्या तपासणीला ती येत नाही.

कणा मोडलेल्या माणसाचा दिवस जरा जवळून पाहावा. झाडावरून, विहिरीत किंवा बांधकामावरून पडून कमरेखालचं अंग लुळं पडण्याच्या घटना ग्रामीण भागात नित्याच्या आहेत. ऑपरेशन सरकारी योजनेत होतं आणि पेशंट घरी येतो. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. संवेदना नसल्यामुळे एकाच अंगावर पडून राहिलं तर कातडीचा रक्तपुरवठा अडतो, माकडहाडापाशी लाल चट्टा उठतो आणि बघता बघता त्याची हाडापर्यंत जाणारी जखम होते. म्हणून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी लागते. लघवी दिवसातून चार-सहा वेळा स्वच्छ नळीने काढावी लागते. त्यात हयगय झाली तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचतो. हे सगळं बहुधा बायको नाहीतर आई करते, आणि तिची मजुरी कायमची सुटते. नळ्या, ड्रेसिंग, हवेची गादी हा खर्च रोजचा असतो. जन आरोग्य योजना दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांचे पैसे भरते, घरातल्या या खर्चाचे नाही. म्हणजे जखम टाळायला पैसे नाहीत, ती चिघळून ऑपरेशनची वेळ आली की योजना उभी राहते. ही रचनाच उलटी आहे.

नीट काळजी घेतली गेली तर काय होऊ शकतं, हे कोल्हापूरकरांनी पाहिलं आहे. नसीमा हुरजूक यांच्या कमरेखालच्या संवेदना ऐन सोळा-सतराव्या वर्षी गेल्या. पुढे त्यांनी नोकरी केली, १९८४मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिलं.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २,५०० रुपये मिळतात. २०२५च्या ऑक्टोबरपासून ही वाढ झाली. पण त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपयेही नाहीत. या रकमेत केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा ३०० रुपयांचा आणि तोही ८० टक्के आणि त्यापुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसांसाठी. शिवाय उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, आधारशी जोडलेलं खातं हे सगळं चालू ठेवावं लागतं. कुष्ठरोगाने बोटं झिजलेल्या माणसाचा ठसा मशीनवर उमटत नाही, तेव्हा त्याने काय करायचं?

लहान मुलांसाठी थोडी बरी सोय आहे. पालघरला २०१३च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासणी होते. गतिमंदत्व, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी ‘निरामय’ हा एक लाखाचा विमा आहे. त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीसुद्धा बसते. गावच्या आईबापांना मात्र याचं नावही माहीत नसतं.

दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ स्पष्ट आहे. दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत उपचार मिळावेत, दवाखान्यात अडथळा नसावा, तपासणीत त्यांना अग्रक्रम असावा. यातला ‘घराजवळ’ हा भागच मागे पडला आहे. ड्रेसिंग, नळी बदलणं, फिजिओथेरपी यांना जिल्ह्याचं ठिकाण लागत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक वार ठरवला आणि आशाताईंना लाल चट्टा ओळखायला शिकवलं, तरी कितीतरी फेऱ्या वाचतील. तपासणीची शिबिरं तालुक्याला नियमित झाली, तर दाखल्याची फरफटही कमी होईल.

पैशांची एक वाट गावातच आहे. २०१८च्या शासन निर्णयाप्रमाणे ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. दोन हवेच्या गाद्या आणि सिव्हिलला जायच्या वारी एक गाडी, एवढी मागणी ठरावात लिहून घ्यायला हरकत नाही.